परदेशी पासपोर्टवरचा कर्मचारी नेमताना पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हिसाचा हिशेब

चाकणजवळच्या, सुमारे १४० माणसे असलेल्या ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या एका कारखान्याच्या एचआर प्रमुखांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनी दोन जणांना नेमत आहे. पहिले एक जर्मन अभियंता, वय ४६, तीन वर्षांच्या मुदतीच्या करारावर, वर्षाला १५ लाख रुपये रोख आणि कंपनीने भाड्याने घेतलेला फ्लॅट. दुसऱ्या मूळच्या पुण्याच्या, पण आता अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय, पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना मिळणारे कार्ड) असलेल्या बाई, वय ४१, गुणवत्ता विभागाच्या प्रमुख म्हणून वर्षाला २४ लाखांवर. अकाउंटंटचे म्हणणे असे, की इतरांप्रमाणे या दोघांचाही पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापावा. बाईंची विनंती अशी, की पीएफ कापूच नये, हवे तर त्यांना सल्लागार दाखवावे. कायद्याने या दोघांना नेमके काय द्यावे लागते, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे पिंपरी-चिंचवड, चाकण आणि रांजणगाव या पट्ट्यातील कारखान्यांचे कामगार कायद्याचे काम पाहतो. प्रश्न ‘काय द्यावे लागते’ असा विचारला असला, तरी त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न आहे: कायद्याच्या नजरेत ही दोन माणसे कोण आहेत? ते एकदा ठरले, की पीएफपासून व्हिसापर्यंतची उत्तरे आपोआप सुटत जातात. आणि ते ठरते पासपोर्टवरून आणि माणसाला भारतात कोणी पाठवले यावरून. नाव मराठी आहे, बोलणे पुणेरी आहे, घर कोथरूडला आहे, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही.

आधी पीएफ, कारण सर्वांत महाग चूक तिथेच होते. १ ऑक्टोबर २००८ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेत परिच्छेद ८३ आला आणि ‘इंटरनॅशनल वर्कर’ हा वेगळा वर्ग तयार झाला. पीएफ लागू असलेल्या आस्थापनेत काम करणारा, भारतीय पासपोर्ट नसलेला कर्मचारी या वर्गात येतो. त्याला १५,००० रुपयांची वेतनमर्यादा लागू होत नाही, त्यामुळे पीएफपात्र वेतन (पगाराचा ज्यावर पीएफ मोजतात तो भाग) जितके असेल त्या सगळ्यावर १२ टक्के त्याचे आणि १२ टक्के कंपनीचे भरावे लागतात. जास्त पगाराच्या भारतीय कर्मचाऱ्याला काही परिस्थितीत योजनेबाहेर राहता येते, ती मुभाही त्याला नाही. किमान इतके महिने काम केले तरच लागू, अशी सवलतही नाही. पहिल्या दिवसापासून वर्गणी सुरू होते. पगाराचा काही भाग परदेशातल्या खात्यात दिला, तरी तोही हिशेबात धरावा लागतो. नेपाळ आणि भूतानचे नागरिक मात्र भारतीय कर्मचारीच मानले जातात.

ओसीआय कार्डाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. ओसीआय धारकाला नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा लागत नाही आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागत नाही, हे खरे आहे. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण अशा काही कामांना विशेष परवानगी लागते, ती इथे गैरलागू आहे. पण व्हिसाची सवलत म्हणजे नागरिकत्व नव्हे. आपल्या गुणवत्ता प्रमुखांकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, म्हणून पीएफसाठी त्या इंटरनॅशनल वर्करच आहेत. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आडनाव पाहून कोणीतरी राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ असे टाकून देतो आणि चूक तीन-चार वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, असे मी एकाहून अधिक कारखान्यांत पाहिले आहे.

आता आकडे पाहू. २४ लाखांपैकी पीएफपात्र वेतन निम्मे धरले, तर महिन्याला १ लाख रुपये होतात. त्यावर त्यांचे १२,००० आणि कंपनीचे १२,००० मिळून दरमहा २४,००० रुपये भरायचे. अकाउंटंटच्या पद्धतीने दोन्ही बाजू मिळून ३,६०० रुपयेच जातील. तीन वर्षांत फरक ७,३४,४०० रुपये इतका साचतो. यातला निम्मा, म्हणजे ३,६७,२०० रुपये, कर्मचाऱ्याचा वाटा आहे खरा, पण योजनेच्या परिच्छेद ३२ नुसार त्या त्या महिन्याच्या पगारातून न कापलेला वाटा नंतरच्या पगारातून वसूल करता येत नाही. अनवधानाने झालेल्या चुकीचा अपवाद आहे, पण सल्ला घेऊन जाणूनबुजून केलेल्या कमी कपातीला तो लावता येईल असे मला वाटत नाही. म्हणजे दोन्ही वाटे कंपनीच्या खिशातून जातात. जुन्या कायद्याखाली थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज लागत असे, आणि जून २०२४ पासून नुकसानभरपाईचा दर दरमहा १ टक्का झाला. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्याज आणि नुकसानभरपाई या दोन्ही तरतुदी आहेत.

बाईंची पीएफ न कापण्याची विनंती मला पूर्णपणे समजते, कारण त्यांची अडचण खरी आहे. इंटरनॅशनल वर्करला पीएफची रक्कम साधारणपणे ५८ वर्षे वयानंतर सेवानिवृत्त झाल्यावर किंवा काम करण्यास कायमचे आणि पूर्णतः असमर्थ ठरल्यावरच मिळते. याला मोठा अपवाद आहे तो भारताशी सामाजिक सुरक्षा करार (एकमेकांकडे काम करणाऱ्यांच्या पीएफ-पेन्शनसारख्या वर्गण्यांबाबतचा करार) असलेल्या देशांच्या, त्या कराराखाली येणाऱ्या कर्मचाऱ्यांचा. त्यांना इथली नोकरी संपल्यावर रक्कम काढता येते. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी असे करार झाले आहेत. अमेरिकेशी नाही. म्हणून ४१ वर्षांच्या या बाईंनी तीन वर्षांनी नोकरी सोडली, तर त्यांची आणि कंपनीची मिळून ८,६४,००० रुपयांची वर्गणी, अधिक व्याज, पुढची चौदा वर्षे अडकून राहील.

काही वर्षांपूर्वी अशाच परत आलेल्या एका बाईंचे प्रकरण माझ्याकडे आले होते. कंपनीने पीएफ अगदी नियमाप्रमाणे कापला होता, पण ५८ वर्षांची अट त्यांना कोणीच सांगितली नव्हती. दोन वर्षांनी आईच्या आजारपणासाठी त्यांनी नोकरी सोडली, हीच रक्कम हाताशी येईल असे गृहीत धरून. कायद्याने मला त्यांच्यासाठी काही करता आले नाही. ते संभाषण मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच आपल्याला आग्रहाने सांगतो, की ही अट ऑफर लेटरसोबत लेखी द्या, मराठीत किंवा इंग्रजीत, पण सरळ वाक्यात. त्यांच्यावर होणारा भार पाहून कंपनीला हातात पडणारा पगार वाढवायचा असेल, तर तो वाटाघाटीचा रास्त मुद्दा आहे. पीएफ न कापणे हा वाटाघाटीचा मुद्दा होऊ शकत नाही, कारण कर्मचाऱ्याच्या संमतीने हा हक्क सोडून देता येत नाही.

हा नियम अन्यायकारक आहे, असा युक्तिवाद न्यायालयांतही झाला आहे आणि त्यामुळे मोठा गोंधळ माजला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२४ रोजी परिच्छेद ८३ समानतेच्या हक्काशी विसंगत ठरवून रद्द केला. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उलट मत दिले आणि तरतूद वैध ठरवली. आपला कारखाना महाराष्ट्रात आहे. बंगळुरूच्या निकालाची प्रत फाइलला लावून वर्गणी थांबवण्याचा सल्ला मी कोणत्याही अशिलाला दिलेला नाही आणि आपल्यालाही देणार नाही. या तरतुदीमागचा विचारही समजून घेण्यासारखा आहे. आपली माणसे परदेशात काम करताना तिथल्या सामाजिक सुरक्षेत पैसे भरतात आणि करार नसेल तर बरेचदा ते तिथेच सोडून येतात. अमेरिकेत निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि सहा-सात वर्षांनी परतलेले कितीतरी मराठी अभियंते ती पूर्ण करू शकत नाहीत. इथे येणाऱ्यांनाही तसाच नियम लावला, तर इतर देश करारासाठी पुढे येतील, असा परस्परतेचा हेतू त्यामागे आहे. हेतू रास्त असला तरी त्याची झळ एका व्यक्तीला बसते, हेही तितकेच खरे आहे.

सल्लागार दाखवण्याबद्दल माझे मत ठाम आहे. खरा सल्लागार असू शकतो: जो स्वतःच्या वेळेने काम करतो, इतर ग्राहकही सांभाळतो, बिल देतो, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करतो. पण गुणवत्ता विभागाच्या प्रमुख रोज कारखान्यात येणार, हाताखालच्या माणसांच्या रजा मंजूर करणार, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये कंपनीच्या वतीने सही करणार, आणि दरमहा ठरावीक रक्कम घेणार. अशा नात्याला करारात कोणतेही नाव दिले, तरी पीएफ कार्यालय काम कोणाच्या नियंत्रणाखाली चालते तेच पाहील. शिवाय सल्लागार ठरल्यावर ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि मातृत्व लाभ हे सगळे त्यांच्या हातून जाते, हे त्यांना कोणी सांगितले आहे का, याची मला शंका आहे.

जर्मन अभियंत्याचे गणित वेगळे आहे, आणि इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. जर त्यांच्या जर्मन मालकाने त्यांना आपल्याकडे पाठवले असते, तिकडची नोकरी आणि तिकडची वर्गणी चालू राहिली असती, आणि जर्मनीच्या सक्षम संस्थेने तसे सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज दिले असते, तर करारातील मुदतीपुरती त्यांना इथल्या पीएफमधून सूट मिळाली असती. भारत आणि जर्मनीमधला सर्वंकष करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पण आपण लिहिल्याप्रमाणे आपण त्यांना थेट नेमत आहात. त्यांना पाठवणारा मालकच नाही. तेव्हा ‘जर्मनीशी करार आहे, म्हणजे पीएफ नाही’ हे अर्धवट ऐकलेले वाक्य आपल्या कामाचे नाही. पीएफ भरावाच लागेल, पण इथली नोकरी संपल्यावर त्यांना रक्कम काढता येईल. एकाच कारखान्यातील, एकाच नियमाखाली वर्गणी भरणाऱ्या दोघांना केवळ पासपोर्टमुळे इतकी वेगळी वागणूक मिळते, ते ही अशी.

त्यांच्याबाबत जास्त काळजी व्हिसाची घ्यायला हवी. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी पगार वर्षाला १६.२५ लाख रुपयांपेक्षा जास्त असावा लागतो. विशिष्ट देशाचे पदार्थ बनवणारे आचारी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक आणि अनुवादक अशा काही मोजक्या कामांना सवलत आहे, अभियंत्याला नाही. रोख १५ लाख पाहून आपण घाबरला असाल. पण गृह मंत्रालयाच्या खुलाशानुसार आयकरात पगार म्हणून धरल्या जाणाऱ्या सुविधांचे मूल्य, उदाहरणार्थ बिनभाड्याच्या घराचे, या मर्यादेसाठी मोजता येते. कंपनीने भाड्याने घेतलेल्या घराचे करपात्र मूल्य २०२३ च्या बदलानंतर पगाराच्या १० टक्के किंवा प्रत्यक्ष भाडे, यांपैकी कमी असेल ते धरतात. फ्लॅटचे भाडे महिन्याला २५,००० असेल, तर मूल्य दीड लाख आणि एकूण १६.५० लाख होतात. अट पूर्ण होते. पण चाकणलाच १०,००० रुपयांत साधा फ्लॅट घेतला, तर मूल्य १.२० लाख, एकूण १६.२० लाख, आणि केवळ ५,००० रुपयांसाठी अर्ज अडकतो. एवढ्या धारेवर चालण्यापेक्षा रोख पगारच १७ लाखांच्या आसपास न्यावा, असे मी सुचवीन. पुढे मुदतवाढ मागताना प्रत्यक्ष भरलेल्या कराची कागदपत्रे पाहिली जातात, आणि करारात एक व पगारावरील करकपातीच्या प्रमाणपत्रात (फॉर्म १६) दुसरेच निघाले, तर उत्तर देणे अवघड जाते.

व्हिसाच्या अर्जासोबत कंपनीचे जे पत्र जाते, ते बहुतेक ठिकाणी अत्यंत गुळगुळीत लिहिलेले असते. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, किंवा जे नेहमीचे कारकुनी स्वरूपाचे काम आहे, त्यासाठी हा व्हिसा देत नाहीत. म्हणून ‘अनुभवी अभियंता’ असे न लिहिता कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रक्रियेत, कोणता दोष कमी करण्यासाठी हीच व्यक्ती हवी आहे आणि ती इथल्या किती जणांना शिकवणार आहे, ते लिहा. सल्लागार म्हणून ठरावीक मोबदला घेणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही हाच व्हिसा लागतो, तेव्हा जर्मन अभियंत्याच्या बाबतीत तो मार्गही मोकळा नाही. बिझनेस व्हिसावर बोलावून काम सुरू करून घेणे तर पूर्णपणे टाळा. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टसह चार जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला आहे, आणि नियमभंगाची जोखीम माणसाइतकीच कंपनीवरही येते.

अभियंता भारतात आल्यानंतर, व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असल्याने, १४ दिवसांत ऑनलाइन नोंदणी करायची आहे. हे बहुतेकांना माहीत असते. राहण्याच्या जागेची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) मात्र विसरला जातो: परदेशी व्यक्ती जिथे राहते, तिथल्या जागा देणाऱ्याने २४ तासांत तिची माहिती कळवायची असते, आणि हे बंधन फक्त हॉटेलांवर नाही. सुरुवातीचे दोन आठवडे आपण त्यांना कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये ठेवणार असाल, तर तिथूनही फॉर्म गेला पाहिजे, आणि फ्लॅटमध्ये गेल्यावर पुन्हा. शिवाय हा व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांच्यातील बदल परवानगीने होऊ शकतो, पण साधारणपणे भारतात बसून दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही. नोकरी मध्येच संपली, तर माणसाला कुटुंबासह देश सोडावा लागतो. म्हणून नोटिशीचा कालावधी, परतीचे विमानभाडे आणि मुलांच्या शाळेचे वर्ष या गोष्टी करारातच स्पष्ट असाव्यात, असे मला मनापासून वाटते.

उरलेल्या लाभांचे उत्तर सोपे आहे, कारण तिथे पासपोर्टचा प्रश्नच येत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पीएफची जुनी योजना, संहितेशी विसंगत नसेल तिथवर, तूर्त एक वर्षापर्यंत चालू राहते, त्यामुळे परिच्छेद ८३ आपोआप संपलेला नाही; नवी योजना आली की तो भाग पुन्हा वाचावा लागेल. ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या आता एकसमान आहे आणि वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरची जास्तीची रक्कम वेतनात मिळवली जाते. मूळ वेतन ३० टक्के आणि बाकी सगळा ‘विशेष भत्ता’ अशी रचना आपल्याकडे असेल, तर ती या दोघांपुरतीच नव्हे, सगळ्यांसाठी तपासून घ्या. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितले होते.

ग्रॅच्युइटीत मोठा बदल आहे. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला आता पाच वर्षांची वाट पाहावी लागत नाही; वर्षभर सेवा झाली की प्रमाणात हक्क मिळतो. जर्मन अभियंत्याचे शेवटचे मासिक वेतन ७५,००० धरले, तर ७५,००० भागिले २६ गुणिले १५, असे वर्षाला सुमारे ४३,२६९ रुपये आणि तीन वर्षांचे साधारण १,२९,८०८ रुपये होतात. या रकमेची तरतूद आजपासून हिशेबात धरा. बाई कायमस्वरूपी नोकरीत असतील, तर त्यांना नेहमीचा पाच वर्षांचा नियम. मातृत्व लाभ, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झाले असल्यास पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, हा त्यांनाही इतर कोणत्याही कर्मचारी स्त्रीइतकाच आहे. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वेतनमर्यादा २१,००० असल्याने दोघेही त्याबाहेर राहतात. म्हणून ग्रुप मेडिक्लेममध्ये नाव घालताना परदेशी नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय पॉलिसीत चालतात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. आयकराबाबत एवढेच, की भारतात केलेल्या कामाचा पगार जगात कुठेही जमा झाला तरी तो इथे करपात्र असतो. अमेरिकेचे नागरिक कुठेही राहिले तरी तिकडे विवरणपत्र भरतात आणि परदेशातील खाती ठरावीक रकमेपुढे कळवतात, तेव्हा बाईंना पीएफ खात्याबद्दल तिकडच्या कर सल्लागाराशी आधीच बोलून घ्यायला सांगा.

या आठवड्यात करण्यासारखे काम थोडे आहे. दोघांच्याही पासपोर्टची प्रत घेऊन यूएएन (पीएफ सदस्याचा क्रमांक) काढताना इंटरनॅशनल वर्कर म्हणूनच नोंद करा. बाईंच्या ऑफर लेटरला ५८ वर्षांच्या अटीचे पत्र जोडा आणि त्यांची पोच घ्या. जर्मन अभियंत्याच्या पत्रात रुजू होण्याची तारीख न टाकता ‘व्हिसा मिळाल्यापासून इतक्या दिवसांत’ असे लिहा. आणि त्यांनी जर्मनीतील नोकरीचा राजीनामा खरोखर दिला आहे, की ते तिकडून बिनपगारी रजेवर येत आहेत, हे त्यांना स्पष्ट विचारून इथे कळवा; कारण दुसरे खरे असेल, तर सर्टिफिकेट ऑफ कव्हरेजचा मुद्दा नव्याने तपासावा लागेल आणि माझे पीएफबद्दलचे वरचे उत्तर बदलू शकेल.